चित्रकथेचें मूळ पान

चित्रकथा किंवा कॉमिक्स या नांवानें ओळखलीं जाणारीं पातळ, रंगीत पुस्तकें मुलांनीं वाचावीं आणि मोठ्यांनीं रद्दींत घालावीं, असा आपल्याकडील सर्वसाधारण रिवाज आहे. तीं पुस्तकें आणि त्यांतील चित्रें वर्षानुवर्षें जमविणारे, त्यांसाठीं गांवोगांव हिंडणारे प्रौढ व सुशिक्षित लोक आहेत असें सांगितलें, तर पुष्कळ श्रोत्यांना हंसूं येईल. जुनीं नाणीं जमविणारा गृहस्थ आपल्याला विद्वान वाटतो, टपालाचीं तिकिटें जमविणारा हौशी वाटतो. पण 'वेताळ' जमविणारा मात्र पोरकट वाटतो. हा भेद कितपत न्याय्य आहे, हे लोक नेमकें काय जमवितात, आणि कोल्हापुरासारख्या कलावंतांच्या नगराचा या छंदाशीं काय संबंध आहे, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम या लोकांच्या मेळाव्यांविषयीं दोन शब्द सांगतों. अमेरिकेंत सॅन डिएगो येथें चित्रकथाप्रेमींचें संमेलन १९७० सालीं प्रथम भरलें, तेव्हां जमलेली मंडळी शेंकड्यांनीं मोजण्याजोगी होती. आतां तेथें लाखावर माणसें जमतात. आपल्या देशांत असा मोठा मेळावा फेब्रुवारी २०११ मध्यें दिल्लीस भरला, आणि पुढें मुंबईसारख्या शहरांतहि तो भरूं लागला. दिल्लीच्या त्या पहिल्या मेळाव्यांत 'अमर चित्रकथे'चे जनक अनंत पै यांचा जीवनगौरव पुरस्कारानें सन्मान झाला, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस ते निवर्तले. मुलांच्या पुस्तकांत आयुष्य घालविलेल्या माणसाला मोठ्यांच्या जगाची ही पावती अगदीं अखेरच्या क्षणीं मिळाली, असेंच म्हटलें पाहिजे.

अशा मेळाव्यांतून संग्राहक जें घरीं आणतो त्याचे तीन प्रकार असतात. पहिला प्रकार जुन्या छापील अंकांचा. दुसरा प्रकार, तेथें मांडून बसलेल्या चित्रकाराकडून आपल्यासमक्ष काढवून घेतलेल्या चित्राचा. आणि तिसरा प्रकार मूळ पानाचा. म्हणजे ज्या कागदावर चित्रकारानें स्वतःच्या हातानें शाई चढविली व ज्यावरून पुढें हजारों प्रती छापल्या गेल्या, त्या कागदाचा. पहिल्या दोन प्रकारांचें मोल सहज ध्यानांत येतें. तिसरा प्रकार मात्र थोडा समजावून सांगावा लागतो, आणि आजच्या भाषणाचा खरा विषय तोच आहे.

चित्रांची माळ गुंफून गोष्ट सांगण्याची कला आपण परदेशांतून आणली असें नाहीं. कोल्हापुराहून घाट उतरून कोंकणांत गेलें, कीं कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव लागतें. तेथील ठाकर समाजानें चित्रकथीची परंपरा पिढ्यानपिढ्या सांभाळली, आणि सावंतवाडीच्या राजघराण्यानें तिला आश्रय दिला. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाचीं सुटीं चित्रें हातकागदावर काढावयाचीं, दोन दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटवावयाचीं, आणि त्यांची एक पोथी बांधावयाची. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढें उभें धरून वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर कथा सांगे. प्रसंग संपला कीं चित्र उलटें. याच घराण्यांपैकीं परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं 'पद्मश्री' मिळाली. त्यांनीं आपल्या गोठ्याच्या जागेंत या कलेचें संग्रहालय उभें केलें आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतहि अशीं जुनीं चित्रें पाहावयास मिळतात.

या परंपरेंतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. चित्रकथ्याजवळ त्याचें चित्र हें एकच असे. त्याची नक्कल छापून निघत नसे. म्हणून तें जपलें जाई, पोथी म्हणून पूज्य मानलें जाई, आणि बापाकडून मुलाकडे येई. पुढें छापखाना आला आणि ही स्थिति पालटली. पुण्यास १८७८ सालीं चित्रशाळा निघाली, मुंबईंत १८९४ सालीं राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर भिंतींवर लागलीं. चित्र सर्वांचें झालें हा मोठाच लाभ. पण त्याबरोबर एक समजूत रूढ झाली कीं छापलेली प्रत हीच खरी वस्तु, आणि ज्यावरून ती छापली तो कागद म्हणजे केवळ एक साधन. भाकरी झाल्यावर चुलींतल्या राखेला कोण विचारतो?

छापील चित्रकथेचा मराठींतील इतिहास थोडक्यांत असा. मद्रासेहून निघणारें 'चांदोबा' मासिक मराठींत १९५२ सालीं सुरू झालें, आणि शंकर नांवाच्या चित्रकारानें काढलेला विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन आमच्या घरांत शिरला. १९६४ सालीं मुंबईच्या टाइम्स कचेरींतून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघूं लागलें; त्याची मराठी आवृत्तीहि असे. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा, १९३६ सालीं जन्मलेला मुखवटाधारी नायक त्यांतून 'वेताळ' होऊन आपल्यांत आला, आणि १९७६ सालीं आबिद सुरती यांचा 'बहादूर' त्याच्या शेजारीं येऊन बसला. ही माला १९९० सालीं बंद पडली. १९६७ सालीं 'अमर चित्रकथा' व १९८० सालीं 'टिंकल' निघालें. त्यांतील 'कृष्ण' व 'सुपंडी' यांचे चित्रकार राम वाईरकर, आणि 'शिवाजी'चे चित्रकार पुण्याचे प्रताप मुळीक, हे आपले मराठी चित्रकार. मुळीकांनींच पुढें १९८६ सालीं आरंभ झालेल्या 'नागराज' या हिंदी मालेस तिचें रूप दिलें. शाळेच्या बाकाखालीं मुलांच्या मांडीवर उघडलेलीं हीं पुस्तकें मीं शिक्षक या नात्यानें शेंकड्यांनीं जप्त केलीं, व वर्षअखेरीस परतहि केलीं; तेव्हां त्यांची लोकप्रियता मला कोणी सांगावयास नको.

आतां मूळ पान कसें तयार होतें तें पाहूं. लेखक प्रथम कथेचे प्रसंग पाडून देतो: या चौकटींत हें घडतें, ही व्यक्ति हें बोलते. चित्रकार जाड, गुळगुळीत कागद घेतो. हा कागद छापील पानापेक्षां पुष्कळ मोठा, बहुधा दीडपट असतो. कारण चित्र छापतांना लहान केलें, कीं रेषेचा बारीकसा कंप त्यांत लपून जातो आणि रेषा अधिक रेखीव दिसते. प्रथम पेन्सिलीनें आराखडा काढतात. कित्येक चित्रकार त्यासाठीं फिकट निळी पेन्सिल वापरीत, कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नसे, आणि त्यामुळें ती खोडण्याचे श्रम वांचत. त्यावर टांक किंवा बारीक कुंचला घेऊन काळी शाई चढवितात. चूक झाली तर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ती झांकतात. पात्रांचे संवाद कधीं चित्रावरच लिहितात, तर कधीं निराळ्या कागदावर लिहून चिकटवितात. एकच चित्र अनेक भाषांत छापावयाचें असेल तर दुसरी रीत सोयीची पडते.

रंगाचें काम याहून निराळें. मूळ पान पुष्कळदां काळें-पांढरेंच राही. रंग कोठें कोणता द्यावयाचा याचा नमुना निराळ्या प्रतीवर करीत, आणि त्यावरून पिवळा, किरमिजी, निळा व काळा अशा चार शायांचे चार ठसे करून एकावर एक छापीत. छापील चित्रांतील मावळ्याच्या अंगरख्याचा केशरी रंग म्हणजे पिवळ्या व किरमिजी ठिपक्यांची दाट रांगोळी असते. दूरून आपल्या डोळ्याला ती एकरंगी दिसते. ठसे तयार झाले, कीं मूळ पानाचें काम संपलें. मग तें छापखान्याच्या माळ्यावर पडे, कोणा पाहुण्याला भेट म्हणून जाई, किंवा जागा अडते म्हणून टाकून दिलें जाई.

ही उदासीनता केवळ आपल्याकडे होती असें समजूं नये. जॅक किर्बी हा अमेरिकेचा थोर चित्रकथाकार. त्यानें एका प्रकाशकासाठीं दहा हजारांहून अधिक पानें काढलीं असें मानतात. पुष्कळ तंट्यानंतर १९८७ सालीं प्रकाशकानें त्याला परत केलीं तीं सुमारें दोन हजार. बाकीचीं कोठें गेलीं याचा हिशेब लागला नाहीं. उलट एक गोष्ट बेल्जम देशांतली. 'टिनटिन'चा कर्ता एर्जे यानें १९३६ सालीं एका पुस्तकाचें मुखपृष्ठ रंगविलें. तें छापणें फार खर्चाचें म्हणून प्रकाशकानें नापसंत केलें. चित्रकारानें तें प्रकाशकाच्या लहान मुलाला दिलें, व त्यानें घडी करून खणांत ठेवलें, असें त्या कुटुंबाचें म्हणणें आहे. अभ्यासकांत याविषयीं मतभेदहि आहेत. तें चित्र २०२१ सालीं पॅरिसच्या लिलावांत, घड्यांच्या खुणांसह, सुमारें बत्तीस लक्ष युरोंस विकलें गेलें. एका घराच्या खणानें जें राखलें, तें मोठमोठ्या कचेऱ्यांना राखतां आलें नाहीं.

हें ऐकून कोल्हापूरकरांना आपल्या गांवची एक हकीकत आठवावी. चित्रपटाची जाहिरात चित्रानें करण्याची कला या नगरांत बाबूराव पेंटर यांच्या हातीं वाढली. त्यांच्या 'कल्याण खजिना' या १९२४ सालच्या चित्रपटाची जाहिरात ही भारतांतील आज शिल्लक असलेल्या सचित्र चित्रपट-जाहिरातींत सर्वांत जुनी मानली जाते. त्यापूर्वींच्या जाहिराती कोठें गेल्या? भिंतींवर लागल्या, पावसांत भिजल्या, आणि त्यांच्यावर पुढच्या खेळाचे कागद डकवले गेले. चित्रपटगृहावरील मोठाल्या फलकांची तीच कथा. एक खेळ उतरला, कीं त्याच कापडावर पांढरा हात देऊन दुसऱ्या खेळाचा नायक रंगवीत. ज्यांनीं रंगविलेलें शिवछत्रपतींचें चित्र महाराष्ट्र शासनानें अधिकृत म्हणून स्वीकारलें, ते जी. कांबळे याच फलकांच्या कलेंत वाढलेले. नट व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनीं राजारामपुरींतील आपलें घर चित्रांसह लोकांना दिलें, म्हणून त्यांचीं चित्रें आज एकत्र पाहतां येतात. पण ज्यांच्या नांवाचें संग्रहालय झालें नाहीं, त्या चित्रकारांच्या कामाला घरोघरचे माळे हेंच संग्रहालय आहे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगांवकर यांच्या मुखपृष्ठांनीं सजलेले दिवाळी अंक, 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक, मुलांचीं कॉमिक्स आणि एखाद्या चित्रकार आप्तानें दिलेला एखादा कागद, हें सर्व तेथें एकाच गठ्ठ्यांत सांपडतें.

अशा गठ्ठ्यांत मूळ चित्र कोणतें व छापील कोणतें, हें ओळखणें फारसें अवघड नाहीं. साधें भिंग घ्यावें. रंगीत भाग चार रंगांच्या ठिपक्यांचा दिसला तर तें छापील समजावें. मूळ चित्रांत रंग सलग उतरलेला असतो आणि कुंचल्याच्या फटकाऱ्याची दिशा दिसते. कागद तिरप्या उजेडांत धरला, तर शाईचा थर, पांढऱ्या रंगाचे उंचवटे, चिकटविलेल्या संवादांच्या कडा जाणवतात. समासांत पेन्सिलीनें लिहिलेला पानाचा क्रमांक किंवा छापखान्यास केलेली सूचना दिसली, तर ती मळकट म्हणून खोडूं नये. ती त्या कागदाच्या जन्माची साक्ष आहे. छापील अंकांच्या बाबतींतहि काळजी हवी. 'अमर चित्रकथे'ची पुस्तकें पुनःपुन्हां छापलीं गेलीं आहेत. म्हणून विषयावरून आवृत्ति ठरवूं नये, मुखपृष्ठावरची किंमत व प्रकाशकाचा पत्ता पाहावा.

येथें किमतीचा प्रश्न निघतोच. १९३८ सालीं अमेरिकेंत दहा सेंटांस विकलेल्या, 'सुपरमॅन'च्या पहिल्या दर्शनाच्या अंकाची एक प्रत २०२४ सालीं साठ लक्ष डॉलरांस गेली. असले आंकडे ऐकून आपल्या माळ्यावर लक्ष्मी झोंपली आहे असें कोणी समजूं नये. त्या अंकाला ती किंमत आली, कारण बहुतेक प्रती मुलांनीं वाचून फाडल्या व थोड्याच राहिल्या. ज्या अंकांच्या प्रती भरपूर आहेत, त्यांना असा भाव येत नाहीं. ज्या चित्रकथेच्या दोन निर्मात्यांनीं तिचे हक्क अवघ्या १३० डॉलरांस विकून टाकले होते, तिच्या अंकाला हा भाव यावा, यांतील विषमताहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. संग्राहकाचें खरें मोल पैशांत नाहीं, जुळवणींत आहे. एका चित्रकाराचीं पांच पानें कालानुक्रमानें लावलीं, तर त्याचा हात कसा तयार झाला तें दिसतें. सुटीं पांच पानें पांच घरांत राहिलीं तर कांहींच दिसत नाहीं. ढीग आणि संग्रह यांत हाच भेद आहे.

आतां जतनाविषयीं थोडें सांगतों. कारण कोल्हापूरचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. स्वस्त छपाईच्या कागदांत लाकडाचा लगदा तसाच राहिलेला असतो. ऊन आणि हवा लागून तो पिवळा पडतो व शेवटीं हातांत तुटतो. म्हणून अंक उन्हाच्या झोतांत ठेवूं नयेत, आणि ओल येणाऱ्या भिंतीस कपाट टेकवूं नये. गंजणारे टांचे जपून काढावे. फाटलेलें पान चिकटपट्टीनें जोडूं नये. कांहीं वर्षांत पट्टी गळून पडते व तिचा तपकिरी डाग कायम राहतो. चित्र टिकावें म्हणून प्लॅस्टिकमध्यें कायमचें बंद करून घेणें हा तर कळकळीनें केलेला घात. तें पुन्हां सुटें करतां येत नाहीं. मूळ पानाची घडी किंवा गुंडाळी करूं नये, तें आम्लविरहित कागदांत आडवें ठेवावें. चौकटींत लावावयाचें तर कांच चित्राला चिकटणार नाहीं अशी जाड पुठ्ठ्याची किनार मध्यें घालावी. आपले पूर्वज पोथ्या कापडांत बांधून, वेखंड व कडुनिंबाचा वाळलेला पाला जवळ ठेवीत. ती रीत कसरीविरुद्ध आजहि उपयोगी आहे, फक्त पाला कागदाला लागूं देऊं नये. दसऱ्याच्या सुमारास एकदां सर्व बाहेर काढून सावलींत हवा द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचें: चित्र कोणाचें, कोणत्या सालचें, कोणाकडून आलें, हें एका निराळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावें. नांव हरवलेलें चित्र हें अर्धें हरवलेलेंच असतें.

कायद्याच्या दोन गोष्टीहि ध्यानांत असाव्या. मूळ चित्र विकत घेतल्यानें तें छापण्याचा हक्क विकत मिळत नाहीं. १९५७ च्या कायद्यानें हा हक्क सामान्यतः चित्रकाराकडे, किंवा करारानें ज्याला दिला असेल त्याच्याकडे राहतो, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. दुसरें असें, कीं शंभर वर्षांवरील चित्र १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें, आणि तें खाजगी माणसानें परदेशीं पाठविण्यास बंदी आहे. पिंगुळीच्या जुन्या पोथ्या त्यांत येतात.

शेवटीं एकच विचार पुढें ठेवतों. आजचे पुष्कळ चित्रकार कागदावर चित्र काढीतच नाहींत. विजेच्या पाटीवर काढतात. त्यांत चूक झांकणारा पांढरा ठिपका नाहीं, निळ्या पेन्सिलीचा आराखडा नाहीं, आणि जपून ठेवावें असें मूळ पानहि नाहीं. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. साधनें बदलतच असतात. पण याचा अर्थ असा, कीं मूळ पानांचा सांठा आतां पूर्वींसारखा वाढणार नाहीं. जीं आहेत, तींच मुख्यतः राहणार. तीं कोणत्याहि सरकारी दप्तरांत नाहींत, तुमच्या-आमच्या माळ्यांवर आहेत. आणि तीं राहतील कीं जातील, याचा निर्णय दर वर्षीं दिवाळीच्या सफाईंत, तराजू घेऊन दारांत उभ्या असलेल्या रद्दीवाल्याच्या साक्षीनें, पांच मिनिटांत होत असतो. यंदा तो गठ्ठा तराजूंत टाकण्यापूर्वीं त्याची दोरी सोडावी, एकेक कागद उजेडांत धरून पाहावा, आणि घरांतील मुलांनाहि शेजारीं बसवावें. त्यांना ओळखीचें कांहीं आढळलें, तर तें कां ठेवावयाचें हें त्यांनाच विचारावें. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.